हळद चढली, कागद अडले: एलसीखालच्या चार डिस्क्रिपन्सींचं काय करायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सांगलीच्या मार्केट यार्डातून तुम्ही पहिल्यांदाच बांगलादेशला हळकुंडं पाठवलीत. वीस फुटी एक कंटेनर, १८ टन, ५० किलोच्या ३६० गोण्या, सीएफआर चट्टग्राम (म्हणजे तिथल्या बंदरापर्यंतचं भाडं तुमचं, विमा खरेदीदाराचा). एलसीप्रमाणे (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची हमी) शिपमेंटची शेवटची तारीख १०, शिपमेंटपासून १५ दिवसांत कागद द्यायचे, आणि एलसी संपते २८ला. न्हावाशेवाला बोट चुकली, कंटेनर पुढच्या बोटीवर गेला आणि बीएलवर (बिल ऑफ लेडिंग, बोट कंपनीची मालाची पावती) ऑन बोर्डची, म्हणजे माल बोटीवर चढल्याची, तारीख पडली १२. आज १७ तारीख. तुमच्या बँकेने चार डिस्क्रिपन्सी, म्हणजे एलसीशी न जुळणाऱ्या गोष्टी, लिहून कागद परत दिलेत: शिपमेंटला उशीर, एलसीत ‘चट्टग्राम’ आणि बीएलवर ‘चिटगाँग’, इन्व्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीशी जुळत नाही, शिपमेंट अ‍ॅडव्हाइसची प्रत जोडलेली नाही. खरेदीदार फोनवर म्हणतोय, ‘भाई, बिनधास्त पाठवा, आम्ही अ‍ॅक्सेप्ट करू.’ तुम्ही विचारताय, पाठवून देऊ का? आणि दुसरं, जरा चिडूनच, की माल एक नंबर असताना बँक स्पेलिंगवरून का छळते?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. मी बारा वर्षं मुंबईत एका बँकेच्या फॉरेक्स शाखेत निर्यातीचे कागद तपासत होतो. नंतर टेबलाच्या अलीकडे आलो आणि निर्यातदारांसाठी तेच कागद तयार करायला लागलो. तपासणाऱ्याच्या टेबलावर हळद नसते. एलसीची प्रत असते, कागदांचा गठ्ठा असतो आणि घड्याळ असतं. तुमची हळद राजापुरी आहे की मातीमिश्रित, हे बघायचा त्याला अधिकारच नाही. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे यूसीपी ६०० हे नियम १ जुलै २००७ पासून लागू आहेत आणि जवळजवळ प्रत्येक एलसी त्यांच्याखाली निघते. त्यातलं कलम ५ एका वाक्याचं आहे: बँकांचा व्यवहार कागदांशी, मालाशी नाही.

हे तुमच्या विरुद्ध जातं असं आत्ता वाटतंय, पण ते तुमच्याच बाजूचं आहे. उद्या खरेदीदार म्हणाला ‘हळदीचा रंग फिका आहे, पैसे देऊ नका’, तर त्याच्या बँकेला ते ऐकता येत नाही. कागद बरोबर असतील तर पैसे द्यायचेच. याला अपवाद उघड फसवणुकीचा. १९४१ साली न्यूयॉर्कच्या कोर्टात यावरचा गाजलेला खटला झाला, आणि योगायोगाने माल भारतातला होता. लखनौच्या एका कंपनीने ब्रशांसाठीचे राठ केस विकले आणि पेट्यांत गाईचे केस व कचरा भरून पाठवला, अशी तक्रार होती. कोर्टाने सांगितलं की पैसे देण्यापूर्वीच अशी फसवणूक बँकेच्या कानावर आली, तर तिला कागदांच्या आड लपता येणार नाही. तेवढी फट सोडली तर भिंत पक्की आहे.

आता तुमची अडचण. कागदात एक जरी खरी डिस्क्रिपन्सी राहिली तरी ती भिंत तुमच्यापुरती पडते. एलसी म्हणजे ‘असे असे कागद दिलेत तर मी पैसे देईन’ हे बँकेचं वचन. कागद तसे नाहीत, तर वचनही नाही. मग उरतो तो खरेदीदाराचा शब्द, आणि तो तर एलसी नसतानाही तुमच्याकडे होताच. एवढी फी भरून एलसी कशाला काढायला लावली?

माझ्याच हातून गेलेली एक फाईल सांगतो. बेदाण्याचा कंटेनर, आखाती देशातला नेहमीचा खरेदीदार. वेट लिस्टवर सही राहिली होती, एलसीत मात्र सही केलेली वेट लिस्ट मागितली होती. खरेदीदार फोनवर हसला, म्हणाला सहीचं काय एवढं, पाठवा. मीही पाठवली. कागद पोचेपर्यंत तिथला बाजार उतरला. पाचव्या दिवशी तिकडच्या बँकेचा स्विफ्ट, म्हणजे बँकांमधला संदेश, आला: वेट लिस्टवर सही नाही, कागद तुमच्या सूचनेची वाट बघत आमच्याकडे ठेवून आहोत. पाठोपाठ खरेदीदाराचा फोन, आवाज तोच, गोड: थोडा डिस्काउंट बघा ना. माल बंदरात, कंटेनरचं भाडं चढतंय, परत आणायचं तर जाण्यायेण्याचं फ्रेट आपल्या डोक्यावर. निर्यातदाराने आठ टक्के सोडले. खरेदीदार वाईट होता असं मी म्हणणार नाही. आपण त्याच्या हातात फुकटचा पत्ता दिला आणि त्याने तो खेळला.

तेव्हा ‘पाठवू का’ याला माझं उत्तर: आज नाही. तुमच्याकडे २७ तारखेपर्यंत वेळ आहे. १२ अधिक १५ म्हणजे २७, आणि एलसीची मुदत २८, त्यामुळे २७ हीच खरी सीमा. एलसीत कागदांची मुदत लिहिलीच नसती तर नियमाप्रमाणे २१ दिवस मिळाले असते, पण तुमच्या एलसीत १५ लिहिलेत, म्हणून १५च. मात्र एक गोष्ट आत्ताच बघा: एलसीच्या ३१डी रकान्यात मुदत कुठे संपते म्हणून लिहिलंय? ‘इंडिया’ असेल तर २७ला तुमच्या बँकेत कागद दिले की झालं. ढाका किंवा चट्टग्राम असेल तर २७पर्यंत कागद तिकडे पोचायला हवेत. मग कुरिअरचे तीन-चार दिवस आणि तिकडची शुक्रवार-शनिवारची सुट्टी धरून तुमच्या हातात फार तर २१-२२ तारीख आहे.

चारपैकी तीन गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

इन्व्हॉइस सगळ्यात सोपं. ते तुम्हीच काढता, तुम्हीच बदला. मालाचं वर्णन एलसीशी नेमकं जुळावं अशी सक्ती नियम फक्त इन्व्हॉइसवर करतात. बाकीच्या कागदांवर ढोबळ वर्णन चालतं, विसंगत नसलं की झालं. तुम्ही ‘सांगली राजापुरी टर्मरिक’ लिहिलंत, एलसीत आहे ‘इंडियन टर्मरिक फिंगर, पॉलिश्ड, सीएफआर चट्टग्राम’. एलसीच्या ४५ए रकान्यातला मजकूर शब्दन् शब्द उचला, व्याकरण चुकलं असेल तर चुकीसकट. खाली ‘राजापुरी’ हवं तर जोडा, जादा माहिती अडत नाही, कमी पडलेली अडते. ‘सीएफआर चट्टग्राम’ हे वर्णनाचाच भाग म्हणून आलंय, तेही इन्व्हॉइसवर दिसलं पाहिजे. इन्व्हॉइसचा नंबर, तारीख, वजन, रक्कम यांना हात लावू नका. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्सचा कागद, त्याच आकड्यांवर कस्टम्समध्ये भरलंय.

पोर्टच्या नावाची डिस्क्रिपन्सी वादात टिकेल असं मला वाटत नाही. बंदर एकच आहे. बांगलादेश सरकारने २०१८ साली इंग्रजी स्पेलिंग बदलून ‘चट्टग्राम’ केलं, पण शिपिंग लाईन्सच्या सिस्टीममध्ये जुनं नाव अजून सर्रास असतं. यूसीपीतही म्हटलंय की कागदांवरची माहिती एलसीशी हुबेहूब असण्याची गरज नाही, परस्परविरोधी नसावी. पण वाद घालून जिंकण्यात चार दिवस घालवण्यापेक्षा लाईनकडून दुरुस्ती करून घेणं स्वस्त पडतं. तिन्ही ओरिजिनल बीएल परत द्यावी लागतील, थोडे पैसे लागतील, आणि दुरुस्तीवर लाईनचा किंवा तिच्या एजंटचा शिक्का-सही हवी. तुम्ही स्वतः पेनाने काही लिहू नका, हे सांगायची गरज नसावी, पण मी तसंही पाहिलंय.

शिपमेंट अ‍ॅडव्हाइसचं तुम्ही पूर्ण लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही शक्यता सांगतो. बांगलादेशात आयातदार विमा तिकडेच काढतो, म्हणून तिथल्या बहुतेक एलसी सीएफआर असतात. बोट निघाली की काही दिवसांत त्यांच्या विमा कंपनीला कव्हर नोटच्या (तात्पुरत्या विमापत्राच्या) नंबरासह ईमेल करा आणि त्याची प्रत कागदांना जोडा, अशी अट त्यात असते. ईमेल वेळेत गेलेला असेल आणि फक्त प्रत राहिली असेल, तर प्रिंट काढून जोडा, प्रश्न संपला. ईमेलच गेलेला नसेल आणि अटीतले दिवस उलटून गेले असतील, तर ती शिपमेंटच्या उशिरासारखीच न धुतली जाणारी चूक आहे. ईमेल तरीही आजच करा. त्या मालाचा विमा त्याच कळवण्यावर अवलंबून आहे, आणि समुद्रात काही झालं तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळेल.

उरला उशीर. १० ऐवजी १२. हे तुम्ही, मी किंवा लाईन कुणीच बदलू शकत नाही. आणि इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण फॉरवर्डरकडचा (माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या एजंटाकडचा) एखादा पोरगा हळूच सुचवेल: ‘साहेब, बीएल १०चं करून घेऊ का? फक्त एक लेटर ऑफ इन्डेम्निटी, भरपाईचं हमीपत्र, द्या.’ नाही. बोट कधी बंदरात लागली, कधी सुटली, हे आज कुणालाही इंटरनेटवर दिसतं आणि बँका ते बघतात. मागची तारीख टाकलेलं बीएल म्हणजे खोटा कागद. वर जी लखनौची गोष्ट सांगितली, त्या रांगेत तुम्ही स्वतःहून उभे राहाल, आणि चोख माल पाठवूनही फसवणूक करणारे ठराल.

मग करायचं काय? अमेंडमेंट मागायची. माल चढून गेल्यावरही एलसी बदलता येते, हे बऱ्याच नव्या निर्यातदारांना माहीतच नसतं. खरेदीदार ‘अ‍ॅक्सेप्ट करू’ म्हणतोय ना? मग त्याला सांगा, तुमच्या बँकेतून शिपमेंटची शेवटची तारीख १५ करून द्या. त्याला एक अर्ज आणि अमेंडमेंटची फी एवढाच खर्च आहे. ती फी आपण भरतो म्हणा. अ‍ॅडव्हाइसच्या ईमेलचा घोळ झाला असेल तर ती अटही त्याच अमेंडमेंटमध्ये सैल करून घ्या. अमेंडमेंट आली की तुमचे कागद स्वच्छ, भिंत पुन्हा उभी. आणि तो टाळाटाळ करायला लागला, बँकेत गर्दी आहे, साहेब रजेवर आहेत, असं सुरू झालं, तर फोनवरच्या ‘बिनधास्त’ची किंमत तुम्हाला २७च्या आधीच कळेल.

२३-२४पर्यंत अमेंडमेंट आली नाही तर दोन रस्ते. एक, तुमच्या बँकेला सांगा की कागद इथेच ठेवून एलसी काढणाऱ्या बँकेला डिस्क्रिपन्सी स्विफ्टने कळवा आणि संमती मागा. यासाठी एमटी ७५० नावाचा ठरलेला संदेशच आहे, आणि होकार एमटी ७५२ने येतो. होकार बँकेचा असल्यामुळे तो खरेदीदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा कितीतरी वजनदार. दोन, कागद उशिराच्या डिस्क्रिपन्सीसह संमतीसाठी पाठवून द्यायचे. तिकडच्या बँकेने नकार द्यायचा तर पाच बँकिंग दिवसांत, सगळ्या हरकती एकाच संदेशात लिहून द्यावा लागतो. नंतर नवी हरकत काढता येत नाही. शुक्रवार-शनिवार धरून ते पाच दिवस आठवडाभर चालतात. म्हणून बाकीच्या तीन चुका आधी दुरुस्त करायला सांगतोय: हरकत एकच राहू द्या.

कुठला रस्ता घ्यायचा हे इथे बसून मी सांगू शकत नाही. हळदीचा भाव चढतोय की उतरतोय, तुमच्या पॅकिंग क्रेडिटवर (माल पाठवण्याआधी घेतलेल्या कर्जावर) व्याज किती बसतंय, कंटेनर चट्टग्रामला कधी लागतोय, या गोष्टी तुम्हाला माहीत, मला नाही. भाव चढता असेल तर खरेदीदाराला माल हवाच आहे, दुसरा रस्ता बिनधोक जाईल. उतरता असेल तर मी पहिल्याशिवाय हलणार नाही. दिलासा एवढाच की बीएल तिकडच्या बँकेच्या ‘ऑर्डर’ने असेल, जशी बांगलादेशी एलसीत रीत आहे, तर बँकेच्या शेऱ्याशिवाय खरेदीदार कंटेनर उचलू शकत नाही. माल फुकटात जाणार नाही. अडकून मात्र पडू शकतो.

आता पुढच्या कंटेनरबद्दल. तुमच्या पत्रात एक ओळ आहे, ‘एलसी फॉरवर्डरला फॉरवर्ड केली होती’. तुमची खरी चूक तीच, बाकी चार तिची पोरं. एलसी आली त्या दिवशी ४६ए, म्हणजे कागदांची यादी, आणि ४७ए, म्हणजे जादा अटी, या दोन रकान्यांची प्रत छापा आणि प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलने लिहा: हा कागद कोण देणार, कधी देणार. मी, फॉरवर्डर, सीएचए (कस्टम्सचा एजंट), चेंबर, प्लँट क्वारंटाईन, फ्युमिगेशनवाला. ज्या ओळीसमोर नाव लिहिता येत नाही किंवा जी अट आपल्या हाताबाहेरची आहे, ती माल भरायच्या आधी बदलून घ्यायची. ‘खरेदीदाराच्या प्रतिनिधीने सही केलेला तपासणी दाखला’ अशी ओळ दिसली की मी तिथेच थांबतो. त्या प्रतिनिधीने सही केली नाही तर पैशाची चावी त्याच्या खिशात. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन चेंबर ऑफ कॉमर्सचं मागितलं असेल तर चेंबरचंच द्यायचं. नुसतं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन म्हटलं असेल तर तेवढी सक्ती नाही. बांगलादेशी एलसीत सगळ्या कागदांवर एलसी नंबर, आयातदाराचा टिन, बिन (करांचे नोंदणी नंबर), आयआरसी (आयात नोंदणी) नंबर, एचएस कोड (मालाचा कस्टम्स कोड) असलं बरंच काही मागतात. ते एका चिठ्ठीवर उतरवून कागद काढणाऱ्या प्रत्येकाला द्या. क्वारंटाईनच्या माणसाला दाखला काढून झाल्यावर टिन नंबर घाला म्हणून सांगितलं तर तो काय म्हणेल, तुम्हीच विचार करा.

बीएलवर मात्र थोडा जास्त वेळ द्या, कारण ते एकदा निघालं की बदलणं महाग. लाईन ड्राफ्ट पाठवते, तो सीएचएने ‘ओके’ करायच्या आत तुम्ही एलसी शेजारी ठेवून वाचा. ऑन बोर्डचा शेरा आणि तारीख आहे का? नुसतं ‘रिसीव्ह्ड फॉर शिपमेंट’ म्हणजे माल यार्डात घेतला, बोटीवर चढला असं नव्हे. वाहतूक करणाऱ्या कंपनीचं नाव स्पष्ट आहे का, आणि सही करणारा स्वतः कॅरियर म्हणून करतोय की अमक्या कॅरियरचा एजंट म्हणून? फॉरवर्डरचं हाऊस बीएल, म्हणजे त्याने स्वतः काढलेलं बीएल, बहुतेक वेळा इथे मार खातं. लोडिंगचं बंदर एलसीत ‘न्हावाशेवा’ आणि बीएलवर ‘जेएनपीटी’ असा घोळ इकडेही होतो, म्हणून मी खरेदीदाराला आधीच सांगतो की एलसीत ‘एनी पोर्ट इन इंडिया’ लिहा. कोलंबोला ट्रान्सशिपमेंट (बोट बदलणं) होणार म्हणून घाबरू नका. एलसीत मनाई असली तरी कंटेनरमधल्या मालाला यूसीपीच्या कलम २०मध्ये सूट आहे, फक्त ४७एमध्ये ती सूट काढून घेतलेली नाही ना ते बघा. ‘शिपर्स लोड अँड काऊंट’ (माल पाठवणाऱ्याने भरला, त्यानेच मोजला) या शेऱ्यानेही बीएल खराब होत नाही. ‘गोण्या फाटलेल्या’ असं लिहिलं तर होतं.

वजनाबद्दल एक बारीक गोष्ट, हळदवाल्यांच्या कामाची. एलसीत ‘१८ मेट्रिक टन’ असेल तर नियम पाच टक्के कमीजास्त चालवून घेतात, पैसे एलसीच्या रकमेवर जात नाहीत तोवर. पण ‘३६० बॅग्ज’ असं नगावर लिहिलं असेल तर ही सवलत नाही. ३५८ गोण्या भरल्यात तर ३५८चं उत्तर द्यावं लागेल. टनातच लिहून घ्या.

आणि बोटींचं म्हणाल तर त्या चुकतातच. मी शिपमेंटची शेवटची तारीख मागताना ठरलेल्या बोटीपेक्षा निदान दोन आठवडे पुढची मागतो. ती सुट्टीच्या दिवशी आली तर आपोआप पुढे सरकत नाही, हेही धरून चला. एलसीची मुदत तशी सरकते, शिपमेंटची नाही.

तर आज दुपारपर्यंत तीन कामं: विमा कंपनीचा ईमेल गेला का ते तपासा, लाईनला बीएलच्या दुरुस्तीचं विचारा, आणि खरेदीदाराला अमेंडमेंटचा लेखी मेल टाका, फोन नको. अमेंडमेंट आली की घाईने हो म्हणू नका. ती अर्धी स्वीकारता येत नाही, घेतली तर सगळी घ्यावी लागते. तारीख वाढवताना कुणी खाली एखादी नवी अट सरकवलेली असते. तिचा मजकूर मला पाठवा, एकत्र वाचू.